कोरड्या पुंगळ्या

मेलबर्नच्या क्रेगीबर्नमध्ये मराठी माणसांना तोटा नाही. कुणी शनिवारी क्रिकेट खेळून गुडघे धरून बसतं, कुणी ढोल-ताशाच्या पथकात कंबर मोडून घेतं, कुणी घरामागच्या चार हात जमिनीत कढीपत्ता जगवायची वर्षानुवर्षं धडपड करतं. पण दोनशे मीटरवरचा पोलादी मेंढा रिव्हॉल्व्हरनं आडवा करायचा नाद असलेला माणूस एकच होता, हेमचंद्र. गणपतीच्या मांडवात लोक त्याच्याकडे बोट दाखवून नव्यांना दबक्या आवाजात सांगत, ते बघ, ते बंदूकवाले काका. हे बंदूकवाले काका प्रत्यक्षात वरण-भात-तूप खाणारे, रस्ता ओलांडताना तीनदा मान वळवणारे आणि घरातलं झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारे गृहस्थ होते, ही गोष्ट वेगळी.

नाद लागला तो नोकरीतून मोकळं झाल्यावर. आयुष्यभर त्यानं वजनकाटे तपासले, आधी पुण्यात आणि मग पंचवीस वर्षं डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात. काटा खरं बोलतो की खोटं, एवढंच त्याचं काम. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही आणि माणूस सैरभैर झाला. तेव्हा कारखान्यातला जुना मित्र रॉस त्याला आपल्या क्लबात घेऊन गेला. तिथं पोलादी पत्र्याची कापलेली जनावरं ओळीनं मांडतात. पन्नास मीटरवर कोंबड्या, शंभरावर डुकरं, दीडशेवर टर्की आणि दोनशेवर मेंढे. नुसता नेम लागून भागत नाही, जनावर स्टँडवरून खाली पडलं पाहिजे. लागलं पण पडलं नाही, तर शून्य. हेमचंद्रला हा हिशेब फार आवडला. यात वशिला नाही, गोड बोलणं नाही. पडला तर पडला.

मेंढा जड, त्यामुळे साध्या पिस्तुलाच्या गोळीला तो दाद देत नाही. म्हणून हेमचंद्रनं रायफलचं काडतूस खाणारं रिव्हॉल्व्हर घेतलं. तीस-तीस नावाचं हे काडतूस मुळात हरणाच्या शिकारीच्या रायफलीचं. ते हातात धरायच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालणं म्हणजे स्कूटरला ट्रकचं इंजिन बसवण्यासारखं. त्याचं काडतुसं बसवायचं पाच घरांचं लांबलचक चक्र बघूनच रॉस हसला होता. आवाज असा की शेजारच्या लेनवरचे लोक उठून लांब जात. पण मेंढा पडायचा. आणि पडल्याचा तो टण् असा आवाज दोनशे मीटरवरून थोडा उशिरा यायचा, तेव्हा चौसष्ट वर्षांच्या ह्या माणसाच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं ते चित्रलेखानं, त्याच्या बायकोनं, लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं. असं ती स्वतःच सांगायची.

काडतुसं तो घरीच भरायचा. दुकानातल्या काडतुसानं भागतं, पण ज्यानं आयुष्यभर काटे तपासले त्याचा दुकानदाराच्या मापावर विश्वास कसा बसणार? बंदूक तिजोरीत, पावडर आणि ती पेटवणाऱ्या टोप्या, म्हणजे प्रायमर, वेगळ्या लोखंडी कपाटात, किल्ल्या त्याच्याजवळ. बार उडालेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या तेवढ्या बाहेर असत. त्या साच्यात दाबून मापात आणायच्या, अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात फिरवायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, मग प्रायमर, मग तोलून पावडर, मग वर बुलेट. एकेका पायरीला वहीत बरोबरची खूण. वही कसली, चोपडीच ती. तारीख, हवामान, कितव्यांदा भरली, सगळं.

ह्या सगळ्यात एक खोच आहे आणि पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं, म्हणून सांगायला हवी. रायफलची पुंगळी लांब असते आणि बाटलीसारखी गळ्याशी निमुळती. बार उडाला की ती फुगते आणि चक्रातल्या घराच्या भिंतींना घट्ट धरून बसते. ती पकड आहे म्हणून बरं. तिथं तेलाचा नुसता हात जरी लागलेला असला, तरी पकड सुटते, पुंगळी मागे सरकते, मागच्या पोलादाला घट्ट टेकून बसते आणि चक्र जाम. रायफल असलं काही पोटात घालते, रिव्हॉल्व्हर घालत नाही. आणि गंमत अशी, की साच्यात दाबताना पुंगळीला वंगण लावावंच लागतं, नाहीतर ती साच्यातच अडकते. म्हणजे आधी तेल लावा, आणि मग जणू कधी लावलंच नव्हतं इतकं पुसून काढा.

पहिल्यांदा चक्र अडकलं ते ऑक्टोबरात, मोसमातल्या पहिल्या गरम रविवारी. तीन डुकरं पडली आणि चौथ्याला घोडा मागे ओढला जाईना. आत दोन काडतुसं जिवंत. हेमचंद्रनं नळी समोरच धरून ठेवली आणि डावा हात वर केला. सगळी लाइन थांबली. रेंज ऑफिसर आला, रॉस आला. दोघांनी मिळून चक्र सोडवायला वीस मिनिटं गेली आणि तेवढा वेळ बाकीचे पंधरा जण उन्हात उभे. रॉसनं निघालेली पुंगळी बोटात फिरवली आणि म्हणाला, हेम, ही बुळबुळीत आहे, तू वंगण पुसायला विसरलास.

हेमचंद्रनं घरी येऊन वही उघडली. ‘वंगण पुसलं’ पुढे बरोबरची खूण होती. अक्षर त्याचंच.

रात्री जेवताना त्यानं सहज विचारलं, की तू माझ्या पुंगळ्यांना हात लावला होतास का. चित्रलेखा पोळीला तूप लावता लावता म्हणाली, “मी कशाला हात लावू? मागच्या वर्षीच म्हणालात ना, देवाच्या भांड्यांसारखं तेल लावू नकोस म्हणून. तेव्हापासून बघतसुद्धा नाही मी तिकडे.”

ते खरंच होतं. मागच्या वर्षी तिनं प्रेमानं दहाबारा पुंगळ्या तेलानं पुसून ठेवल्या होत्या, त्यानं पाहिलं, समजावून सांगितलं, आणि विषय संपला. चित्रलेखाला एकदा सांगितलं की ती काळ्या दगडावरची रेघ. नातेवाइकांचे वाढदिवस, त्याच्या गोळ्यांच्या वेळा, पुण्यातल्या बंद पडलेल्या लँडलाइनचे नंबर, सगळं तिच्या डोक्यात. घरात विसरण्याचं खातं पहिल्यापासून हेमचंद्रकडे होतं. चष्मा, छत्री, गाडी कुठं लावली ते. आतापर्यंत त्याचं हसं व्हायचं, एवढंच.

आता हसू येईना. कारण त्याचे वडील. वडिलांचं असंच सुरू झालं होतं, साध्या साध्या गोष्टींनी. ते पोस्टातून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के, आणि शेवटी शेवटी फोनवर मुलालाच विचारायचे, आपण कोण बोलताय? हेमचंद्र तेव्हा इथं होता. त्यानं तो सगळा ऱ्हास फोनवरून ऐकला होता, आणि त्याचं त्याला अजून वाईट वाटायचं. आपलंही तसंच होणार, ही भीती त्याच्या मनात किती वर्षं दडून होती कोण जाणे. आता ती उघड्यावर आली.

दुसऱ्यांदा अडकलं ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पुन्हा उकाड्याच्याच दिवशी. ह्या वेळी रॉसनं पुंगळी नाकाशी नेली आणि म्हणाला, मेट, हिला तर समुद्रकिनाऱ्यासारखा वास येतोय, सनस्क्रीनच्या हातानं भरलीस की काय. हेमचंद्रचं नाक सप्टेंबर ते डिसेंबर कामातून गेलेलं असतं. मेलबर्नचं गवत फुललं की त्याला कसला वासच येत नाही. पण सनस्क्रीन तो लावत होता, हे खरं. शनिवारी बागेत काम करून तसाच गॅरेजमध्ये गेला असेल. वहीत ‘हात धुतले’ असा नवा रकाना आला.

त्या दिवसापासून तो स्वतःवर पाळत ठेवू लागला. आणि पाळत ठेवली की संशयाला काय तोटा? आमटी खारट लागली तर त्याला वाटायचं, नाकाबरोबर जीभही गेली. नुपूर, त्यांची मुलगी, क्लेटनहून फोन करून म्हणाली, की दिवाळीला येणार नाही हे मी आईला दोनदा सांगितलंय, तरी ती परत विचारतेय. तर त्याला वाटलं, चित्रलेखानं आपल्याला निरोप दिला असणार आणि तो विसरून आपणच तिला परत विचारायला लावलं असणार. नुपूरला त्यानं चक्र अडकल्याचं सांगितलं, ही चूकच झाली. ती म्हणाली, बाबा, जस्ट सेल इट, प्लीज. तिला बंदूक पहिल्यापासून खुपत होती.

क्लबातही वारा बदलला होता. रेंज ऑफिसर सज्जन माणूस, पण नियमाचा पक्का. त्यानं सांगितलं, की पुन्हा असं झालं तर तुझी घरची काडतुसं ह्या रेंजवर चालणार नाहीत. हेमचंद्रनं मान हलवली आणि मनाशी त्याहून कडक अट घातली. तिसऱ्यांदा झालं तर काडतुसंच काय, रिव्हॉल्व्हरही द्यायचं आणि डॉक्टरकडे जायचं. ज्याच्या डोक्याचा भरवसा नाही त्याच्या हातात असली वस्तू नको. हे त्याचं त्यालाच इतकं पटलं, की त्याला रडू आलं.

डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी त्यानं सनस्क्रीनची बाटली गाडीत कुलूप लावून ठेवली. पुंगळ्या दोनदा धुतल्या, परातीत घालून लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत, ओट्यावर ऊन येतं तिथं वाळत ठेवल्या आणि नेहमीसारखा भाजी आणायला गेला. दुपारी हात साबणानं तीनदा धुऊन त्यानं पन्नास काडतुसं भरली. रकान्यापुढे खूण करताना मोठ्यानं बोलला, “पुसलं. मी, हेमचंद्र, पुसलं.” गॅरेजमध्ये ऐकायला कुणी नव्हतं हे बरं झालं.

रविवारी चाळीस डिग्री. कोंबड्या पाचही पडल्या, डुकरं चार, टर्की तीन. त्याचा आजवरचा सगळ्यांत चांगला दिवस चालला होता. रॉस मागे दुर्बिणीला डोळा लावून बसलेला, थोडं वर, थोडं डावीकडे असं सांगत होता. पहिला मेंढा पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला घोडा ओढला आणि तो जागचा हलला नाही.

हेमचंद्रनं डावा हात वर केला. खांदा दुखेपर्यंत तो तसाच वर धरून राहिला.

रॉसनं पुंगळीचा वास घेतला, पण ह्या वेळी विनोद केला नाही. नुसता म्हणाला, तोच वास आहे, हेम. हेमचंद्र म्हणाला, की मी दोन दिवस सनस्क्रीनला शिवलोदेखील नाही. बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं, की आपण लावलं असेल आणि लावल्याचं विसरलो असू. रॉसच्या चेहऱ्यावर तेच होतं. त्यानं हेमचंद्रच्या पाठीवर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ ठेवला.

घरी आल्यावर त्यानं चित्रलेखाला समोर बसवून सगळं सांगितलं. तीही घाबरली, पण दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच क्लिनिकला फोन लावून दिला. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची वेळ मिळाली. ती म्हणाली, मी येणार बरोबर, तुम्ही डॉक्टरांपुढे अर्धं सांगता आणि अर्धं गिळता. रिव्हॉल्व्हर विकायला डीलरशी बोलणंही झालं. पुंगळ्यासुद्धा त्याच्याबरोबर जाणार होत्या. विकायच्या तरी स्वच्छ करून द्याव्यात, म्हणून शनिवारी सकाळी त्यानं सगळ्या शंभर धुतल्या, परातीत वाळत घातल्या आणि पिशव्या घेऊन भाजीला निघाला.

निघाला खरा, पण पिशव्या घरीच राहिल्या. हे त्याला सिग्नलपाशी कळलं. स्वतःला एक शिवी घालून, अजून एक पुरावा म्हणून मनात नोंद करून त्यानं गाडी वळवली.

लाँड्रीचं दार उघडं होतं. शनिवार म्हणजे चित्रलेखाचा देवाची पितळी भांडी घासायचा दिवस. त्याची भाजी आणि तिची भांडी एकाच वेळी चालत, म्हणून गेल्या कित्येक वर्षांत त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं. निरांजन, घंटा, ताम्हण लखलखत ओळीत मांडलेलं होतं. शेजारी गरम पाण्याच्या वाडग्यात खोबरेल तेलाची बाटली उभी होती, कारण इथं उन्हाळ्यातही सकाळच्या गारठ्यात ते थिजतं. आणि चित्रलेखा स्टुलावर बसून, जुन्या धोतराच्या फडक्याचं टोक तेलात बुडवून, त्याच्या पुंगळ्या एकेक करून पुसत होती. बोटाला गुंडाळून, बाहेरून गोल फिरवून, गळ्यापाशी जरा हलक्या हातानं. झाली की परातीत ठेवत होती. काम इतकं सफाईदार, की नुसत्या डोळ्यांना काही कळू नये. तेवढंसं तेल थंडीत मेणासारखं बसणार आणि गरम झालेल्या चक्रात पातळ होणार, आणि रॉसला सनस्क्रीनचा वाटलेला वास ह्या खोबरेलाचाच, हे हेमचंद्रला उभ्या उभ्या समजलं.

त्याला झाला तो आनंद. दुसरं काही नाही, निव्वळ आनंद. मी नाही. मी पुसत होतो, मी हात धुत होतो, वहीतली एकूण एक खूण खरी होती. दोन महिन्यांचं ओझं एका क्षणात उतरलं आणि तो चक्क हसत सुटला. ह्या आनंदाची पुढे त्याला फार लाज वाटली, पण त्या क्षणी तो झाला हे खरं.

“अगं, तू होय!” तो म्हणाला. “मी तुला सांगितलं होतं ना, ह्यांना तेल नको म्हणून?”

तिनं वर पाहिलं. “कधी?”

“मागच्या वर्षी. आणि तूच मला म्हणालीस की ऑक्टोबरात, जेवताना. पोळीला तूप लावत होतीस.”

“मी?” ती हसली. “काहीतरीच. तेल लावलं नाही तर पितळ काळं पडतं हो. मी तर तुमच्यासाठी दर शनिवारी करते. तुम्ही कधी नको म्हणालात?”

ती खोटं बोलत नव्हती. तिचा चेहरा चाळीस वर्षं त्याच्या ओळखीचा होता, आणि तो आत्ता अगदी स्वच्छ होता. त्यावर खोटं नव्हतं, आठवायची धडपड नव्हती, काहीच नव्हतं. खारट आमटी. नुपूरला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न. गेल्या आठवड्यात गॅसवर आटून करपलेला चहा, जो आपणच ठेवला असं तो धरून चालला होता. सगळं जागच्या जागी येऊन बसलं. दोन महिने तो एकाच माणसावर पाळत ठेवून होता, आणि भलत्याच.

वही गॅरेजमध्ये होती. चार पावलांवर. मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या पानावर लिहिलेलं होतं, ‘चित्रलेखाला सांगितलं, तेल नको. पटलं तिला.’ आणून पुढ्यात ठेवली असती तर वाद तिथंच मिटला असता. काटा खरं बोलतो की खोटं हे आयुष्यभर दाखवत आलेल्या माणसाला एवढं दाखवणं काय कठीण?

“नसेन म्हणालो,” हेमचंद्र म्हणाला. “मीच विसरलो असेन.”

तिनं मान डोलावली. तिच्या डोळ्यांत त्याच्याविषयीची काळजी दाटून आली, ती त्याला बघवेना. “बघा,” ती हळूच म्हणाली, “हेसुद्धा गुरुवारी डॉक्टरांना सांगायला हवं. मी आहे ना बरोबर. घाबरायचं नाही.”

“हो,” तो म्हणाला. “तू पाहिजेसच.”

सोमवारी क्लिनिकला फोन करून एकाऐवजी दोघांची वेळ मागायची, हे त्याचं ठरून गेलं होतं. तिला काय सांगायचं ते त्याला अजून सुचत नव्हतं. गॅरेजमधलं दुसरं स्टूल आणून तो तिच्या शेजारी बसला. तिनं न विचारता फडक्याचा एक तुकडा फाडून त्याला दिला आणि तेलाची बाटली दोघांच्या मध्ये सरकवली. कसं पुसायचं ते तिनं दाखवलं. बोटाला गुंडाळायचं, बाहेरून गोल, गळ्यापाशी हलक्या हातानं.

परातीत साठ-सत्तर पुंगळ्या राहिल्या होत्या. त्या सगळ्यांना नीट तेल लावून होईपर्यंत तो उठला नाही.